स्वादुपिंडाविना जन्मलेले उंदीर

इन्शुलिनचे जनुक माणसाच्या अकराव्या गुणसूत्रावर असते आणि अकरावे गुणसूत्र शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. म्हणजे डोळ्याच्या पडद्यात, यकृतात, तळपायाच्या कातडीतही इन्शुलिन कसे बनवायचे याची माहिती जशीच्या तशी पडून आहे. तरीही ते बनवतात त्या एकट्या बीटा पेशी. जठराच्या मागे आडव्या पसरलेल्या स्वादुपिंडात त्यांची बारीक बारीक बेटे असतात. सगळी बेटे एकत्र केली तरी त्या ग्रंथीच्या वजनाचा शंभरावा, फार तर पन्नासावा हिस्सा भरेल. बाकी सगळे स्वादुपिंड पाचकरस बनवण्यात गुंतलेले. मग या मूठभर पेशींनाच ते जनुक वाचायला कोण सांगते? आणि गर्भ अवघ्या काही मिलिमीटरांचा असताना आतड्याच्या नळीला नेमक्या त्याच जागी स्वादुपिंडाचा कोंब फुटावा, हे कोण ठरवते?

बराच काळ हे दोन वेगळे प्रश्न मानले गेले. पहिला रेणूंचा अभ्यास करणाऱ्यांचा, दुसरा गर्भशास्त्रज्ञांचा. दोन्हींचे उत्तर एकच निघाले आणि ते हाती लागले ते पहिल्या प्रश्नाच्या मागे लागलेल्यांना, तेही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधत नसताना. इन्शुलिनचा इतिहास सांगताना आपण 1922 सालच्या टोरांटोपाशी थांबतो. बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड, कॉलिप आणि मरणाच्या दारातून परत आलेला चौदा वर्षांचा लेनर्ड थॉम्प्सन. ती गोष्ट मोठीच आहे. पण त्यानंतरची ही दुसरी गोष्टही तितक्याच आदराने सांगायला हवी असे मला मनापासून वाटते, कारण मधुमेहावरच्या आजच्या सर्वांत धाडसी उपचारांची मुळे तिच्यात आहेत.

तिची सुरुवात करायची तर विल्यम रटर यांच्यापासून करावी लागेल. 1960 च्या दशकात आधी सिएटलला आणि मग सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रटर आणि त्यांचे सहकारी रॅट जातीच्या मोठ्या उंदरांच्या गर्भातून स्वादुपिंडाचे कोंब काढत. गर्भ अकरा-बारा दिवसांचा, कोंब सूक्ष्मदर्शकाखाली धरूनच कापावा लागे. त्या कणाएवढ्या ऊतीत इन्शुलिन किती, पाचक विकरे किती, हे ते दिवसागणिक मोजत. मोजमापांतून दिसले ते असे की वाढ सरळ चढत जात नाही. आधी इन्शुलिन अगदी थोडे, मोजता येईल इतपतच असते आणि काही दिवस तिथेच थांबते. मग चौदाव्या-पंधराव्या दिवसाच्या सुमारास ते एकदम उसळी मारते आणि अनेक पटींनी वाढते. मधल्या शांत दिवसांत त्या पेशींत काहीतरी ठरत होते. काय, ते पाहायला तेव्हा हत्यारे नव्हती.

त्याच काळात या पेशींच्या कुळावरून मोठा वाद पेटला होता. लंडनचे एव्हरसन पिअर्स यांनी पाहिले की बीटा पेशी आणि चेतापेशी यांच्यात विलक्षण साम्य आहे. दोन्ही ठरावीक प्रकारचे रेणू शोषून घेतात, तेच रासायनिक बदल करतात, तेच रंग धरतात. यावरून त्यांनी मांडले की बीटा पेशी मुळात आतड्याच्या नाहीतच. मज्जासंस्थेच्या कडेवरून निघून त्या गर्भातून प्रवास करत स्वादुपिंडात येऊन वसल्या आहेत. कल्पना देखणी होती आणि अनेकांना पटलीही होती.

तिची परीक्षा घेतली ती फ्रान्समध्ये, नोजाँ-सूर-मार्न इथल्या प्रयोगशाळेत निकोल ल द्वारँ यांनी. त्यांची पद्धत मला आजही थक्क करते. लाव्हा पक्ष्याच्या पेशीकेंद्रात डीएनएचा एक गच्च गोळा असतो, रंग दिला की तो गडद ठिपक्यासारखा उठून दिसतो. कोंबडीच्या पेशीत तो नसतो. मग कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावरून चेतापट्टीची कडा काढायची, तिथे लाव्ह्याची तेवढीच कडा बसवायची आणि अंडे उबवू द्यायचे. काही दिवसांनी काप घेऊन पाहिले की प्रत्येक पेशी आपले मूळ गाव सांगते. स्वादुपिंडात आलेल्या चेतातंतूंच्या पेशींत गडद ठिपका होता. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींत तो नव्हता. त्या कोंबडीच्याच होत्या, आतड्याच्या अस्तरातून उपजलेल्या. 1976 मध्ये रटर यांच्या गटानेही वेगळ्या वाटेने हाच निष्कर्ष काढला. पिअर्स यांची कल्पना बाजूला पडली. पण त्यांनी पाहिलेले साम्य खरे होते आणि ते का होते हा प्रश्न पुढची वीस वर्षे तसाच राहिला.

1977 मध्ये रटर आणि हॉवर्ड गुडमन यांच्या गटांनी रॅटच्या इन्शुलिन जनुकाच्या प्रती जीवाणूंत वाढवल्या. 1980 मध्ये ग्रॅम बेल यांनी त्याच विद्यापीठात मानवी जनुकाचा पूर्ण क्रम वाचला. या घोडदौडीचा लौकिक अर्थ सगळ्यांना माहीत आहे: जीवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्शुलिन 1982 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, आणि गायी-डुकरांच्या स्वादुपिंडांवर विसंबून राहणे हळूहळू संपले. पण जनुक हातात आल्यावर त्याच्या आसपासचा डीएनएही हातात आला होता. रटर यांच्या प्रयोगशाळेत तेव्हा स्वीडनहून आलेले टॉमस एडलुंड काम करत होते. त्यांची नजर त्या आसपासच्या भागावर होती.

1983 साली ‘नेचर’मध्ये आलेला त्यांचा प्रयोग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. इन्शुलिनच्या जनुकाच्या अगदी आधी डीएनएचा जो पट्टा असतो, तो कापून घेतला. त्याच्यापुढे इन्शुलिन जोडलेच नाही. जोडले ते जीवाणूंमधले एक भलतेच जनुक, क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाला निकामी करणारे. प्राण्यांच्या पेशीत असले काही मुळात नसते, त्यामुळे ते दिसले तर त्या पट्ट्यामुळेच आले असे म्हणता येते. हा जोड दोन प्रकारच्या पेशींत घातला. एक इन्शुलिन बनवणाऱ्या गाठीतून वाढवलेल्या, दुसऱ्या स्वादुपिंडाच्याच, पण पाचकरस बनवणाऱ्या. मग पेशी फोडून त्यांचा अर्क किरणोत्सारी क्लोरॅम्फेनिकॉलमध्ये मिसळला, पातळ थरावर चढू दिला आणि क्ष-किरणांची फिल्म लावून ठेवली. विकर तयार झाले असेल तर रेणूचे रूप बदलते, तो वेगळ्या उंचीवर पोचतो आणि फिल्मवर काळे ठिपके उमटतात. इन्शुलिनचा पट्टा घातलेल्या पेशींपैकी इन्शुलिनच्या पेशींत ठिपके ठळक उमटले. पाचकरसाच्या कायमोट्रिप्सिन जनुकाचा पट्टा घेतला तेव्हा उलटे झाले.

म्हणजे हुकूम जनुकात नव्हता, त्याच्या शेजारच्या डीएनएत होता. दोन वर्षांनी एडलुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्यातला मुख्य भाग जनुकाच्या सुरुवातीपासून सुमारे 350 अक्षरांच्या आत बसतो. त्याच 1985 साली डग्लस हॅनाहन यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत हाच पट्टा एका विषाणूच्या कर्कजनक जनुकाला जोडून उंदरांच्या गर्भात घातला. ते जनुक उंदराच्या प्रत्येक पेशीत गेले, पण गाठी झाल्या त्या बीटा पेशींच्याच. जिवंत प्राण्यातही तेवढासा पट्टा पुरेसा होता.

पट्टा स्वतः काही वाचत नाही. त्यावर कोणते तरी प्रथिन येऊन बसते आणि ते बीटा पेशीत असते, इतरत्र नसते. ते शोधायचे काम एडलुंड यांनी घरी नेले. उमेओ हे उत्तर स्वीडनमधले, बोथनियाच्या आखाताकाठचे गाव. तिथले विद्यापीठ 1965 चे, म्हणजे युरोपच्या मानाने अगदी कालपरवाचे. मोठ्या प्रयोगशाळांच्या नकाशावर त्याचे नाव शोधावे लागे. तिथे टॉमस आणि हेलेना एडलुंड यांच्या भोवती तरुण संशोधकांचा एक गट उभा राहिला. पट्ट्यातली थोडी थोडी अक्षरे बदलून कुठल्या बदलाने जोर जातो ते ते पाहत. पेशीकेंद्राचा अर्क किरणोत्सारी डीएनएच्या तुकड्यात मिसळून जेलमधून पळवत. ज्या तुकड्याला प्रथिन चिकटले तो जड होऊन मागे राहतो. मागे राहिलेली प्रत्येक रेघ म्हणजे एक संशयित.

1990 मध्ये पहिला संशयित सापडला. त्याला आयएसएल-1 म्हणतात. पण थोड्याच दिवसांत तो मज्जारज्जूच्या चेतापेशींतही दिसला. इतका ठळकपणे, की टॉमस एडलुंड यांचे लक्ष बऱ्याच अंशी त्या पेशींकडेच वळले आणि न्यूयॉर्कच्या टॉमस जेसल यांच्यासोबत त्यांनी तिथे महत्त्वाचे काम केले. पिअर्स यांच्या साम्याचा हा पहिला धागा हाती आला होता, पण एकट्या बीटा पेशीचा खास माणूस तो नव्हता. तो 1993 मध्ये मिळाला. आयपीएफ-1 असे त्याचे नाव ठेवले. प्रौढ उंदराच्या स्वादुपिंडात हे प्रथिन जवळजवळ बीटा पेशींतच होते, इन्शुलिनच्या पट्ट्यावर बसत होते आणि जनुकाला चालना देत होते. हवे होते ते सगळे त्यात होते.

एवढ्यात कळले की हे प्रथिन आधीच कोणीतरी पाहिले आहे, बेडकात! क्रिस्टोफर राइट आणि एडी दे रॉबर्टिस हे लॉस एंजेलिसला आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकावर काम करत. डोके कुठे, शेपूट कुठे, पाय कुठे फुटायचे हे ठरवणाऱ्या जनुकांच्या घराण्याचा, म्हणजे होमिओबॉक्स जनुकांचा, ते शोध घेत होते. त्यांना त्या घराण्यातले एक विचित्र जनुक सापडले. बाकीची भावंडे पाठीच्या कण्याकडे काम करत. हे मात्र आतड्याच्या अस्तराच्या एका अरुंद पट्ट्यात, जिथून लहान आतड्याचा पहिला भाग आणि स्वादुपिंड निघते तिथेच जागे होते. 1989 मध्ये त्यांनी ते छापले, तेव्हा इन्शुलिनचा उल्लेख येण्याचे काही कारण नव्हते. बेडकातले ते आणि उमेओचे हे एकाच जनुकाचे दोन अवतार होते. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत मार्क माँटमिनी यांच्या गटाला ते सोमॅटोस्टॅटिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या मागे लागताना सापडले, आणि बॉस्टनला जोएल हॅबनर यांच्या गटालाही. चौघांनी चार नावे दिली. पुढे पीडीएक्स-1 या नावावर एकमत झाले, आपणही तेच वापरू.

आता उमेओच्या मंडळींपुढे साधा प्रश्न होता: हे जनुक काढून टाकले तर काय होईल? 1989 पासून उंदराचे हवे ते जनुक बंद पाडण्याची पद्धत उपलब्ध झाली होती. अपेक्षा काय असणार? प्रथिन इन्शुलिनचे जनुक चालू करते. ते काढले की इन्शुलिन कमी होईल, उंदराला मधुमेह होईल. बेडकाचा पुरावा पाहता स्वादुपिंडाच्या वाढीतही काही बिघाड दिसण्याची शक्यता होती.

पीडीएक्स-1 ची एक प्रत बिघडलेले नर-मादी एकत्र ठेवले की चारात एक पिल्लू दोन्ही प्रती बिघडलेले निघते. अशी पिल्ले पूर्ण दिवस भरून जिवंत जन्मली. हातपाय, हृदय, यकृत, जठर, आतडी, सगळे जागच्या जागी. आणि ती काही दिवसांत मेली. पोट उघडून पाहिले तर आतड्याच्या वळणात, जठराच्या मागे, जिथे ती फिकट ग्रंथी असायला हवी, तिथे काहीच नव्हते. इन्शुलिन कमी नव्हते. बीटा पेशी कमी नव्हत्या. अख्खे स्वादुपिंडच नव्हते. पाचकरसाच्या पेशी नाहीत, नलिका नाहीत, बेटे नाहीत. ऑक्टोबर 1994 च्या ‘नेचर’मध्ये योन्सन, कार्लसन आणि दोन्ही एडलुंड यांच्या नावाने हा निबंध आला.

या निकालाचे मोठेपण सावकाश लक्षात येते. प्रौढ उंदरात जवळजवळ इन्शुलिनच्या पेशीतच रमलेले हे प्रथिन गर्भात, आठ-साडेआठ दिवसांच्या वयात, कुठलेही स्वादुपिंड दिसायच्या आधी त्या जागी हजर असते. साऱ्या ग्रंथीचा पाया तेच घालते आणि काम झाल्यावर बाकीच्या पेशींतून ते ओसरते. राहते ते बीटा पेशीत. घर बांधणारा गवंडीच पुढे त्या घराचा राखणदार होऊन राहावा, तसे. रटर यांच्या मोजमापांतल्या त्या शांत दिवसांत काय ठरत होते, याचे पहिले नाव आता मिळाले होते.

दोन वर्षांत चित्र जरा बारीक झाले, आणि ते सांगायला हवे. राइट तोवर नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले होते. त्यांच्या गटाने आणि उमेओच्या गटानेही 1996 मध्ये दाखवले की अशा गर्भात कोंब मुळीच फुटत नाही असे नाही. तो फुटतो, त्यात इन्शुलिनच्या आणि ग्लुकॅगॉन या दुसऱ्या संप्रेरकाच्या थोड्या पेशीही दिसतात, पण पुढे फांद्या फुटत नाहीत आणि सगळे तिथेच खुंटते. भोवतीची आधार देणारी ऊती मात्र वाढत राहते, जिच्यासाठी ती वाढते ते आत नसतानाही. म्हणजे ‘इथे स्वादुपिंड’ हा पहिला इशारा आणखी कोणाकडून येतो. तो शोध हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या प्रयोगशाळेत लागला: गर्भाच्या पाठीतली पृष्ठरज्जू नावाची दांडी आतड्याच्या छताला चिकटून असते तेव्हा ती तिथला ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचा संकेत दाबून टाकते, आणि तो दबला तरच वरचा कोंब स्वादुपिंडाच्या वाटेला लागतो.

माणसात काय होते, हे एका बाळाने सांगितले. व्हर्जिनिया विद्यापीठाचे बालरोगतज्ज्ञ विल्यम क्लार्क यांच्या देखरेखीखाली असलेले हे मूल स्वादुपिंडाशिवाय जन्मले होते आणि जन्मापासून इन्शुलिन आणि पाचक विकरे देऊन जगवले होते. डोरिस स्टॉफर्स, हॅबनर आणि क्लार्क यांनी त्याचे पीडीएक्स-1 वाचले. दोन्ही प्रतींत, प्रथिनाच्या 63 व्या जागेच्या खुणेत, डीएनएचे एक अक्षर गळालेले होते. अक्षरे तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात. एक गळाले की पुढचे सगळे गट चुकतात. 283 घटकांच्या प्रथिनातला डीएनएवर बसणारा भागच बनत नव्हता. एका अक्षरापायी एक अवयव नाही. हा निबंध 1997 चा.

आई आणि वडील दोघांकडे एकेक प्रत बिघडलेली होती. त्यांच्या मोठ्या कुटुंबाची पाहणी केली तेव्हा एक प्रत बिघडलेल्या अनेकांना तरुण वयातच मधुमेह झालेला दिसला. म्हणजे अर्धे प्रथिन अवयव बांधायला पुरते, पण आयुष्यभर सांभाळायला पुरत नाही. लंडनच्या रॉबर्ट टॅटरसॉल यांनी 1974 मध्येच वर्णन केले होते की काही घराण्यांत तरुणपणीच सौम्य मधुमेह होतो आणि तो आईबापांपैकी एकाकडून थेट उतरतो. ‘मोडी’ या नावाने तो ओळखला जातो. 1992 ते 1999 या काळात त्याची पहिली सहा जनुके सापडली, त्यांपैकी पाच दुसऱ्या जनुकांना चालवणारी प्रथिने निघाली. हे नुसते पुस्तकी ज्ञान राहिले नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्स्ली यांच्या गटाने 2003 मध्ये दाखवले की यांतल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारांपैकी एकाचे रुग्ण सल्फोनिलयुरियाच्या जुन्या, स्वस्त गोळ्यांना उत्तम प्रतिसाद देतात. अनेक वर्षे सुई टोचून घेणाऱ्या काही जणांची सुई त्यामुळे सुटली.

राखणदाराच्या कामाची खात्री 1998 मध्ये झाली. उमेओच्या गटाने अशी युक्ती केली की स्वादुपिंड नीट बांधले जावे आणि मग फक्त तयार बीटा पेशींतून पीडीएक्स-1 जावे. त्यासाठी त्यांनी वापरला तो तोच, इन्शुलिनच्या जनुकाआधीचा पट्टा! उंदीर धडधाकट जन्मले, वाढले, आणि वय वाढता वाढता त्यांना मधुमेह झाला. त्यांच्या बीटा पेशींत इन्शुलिन घटले, साखर आत घेणारे प्रथिन घटले आणि काही पेशी ग्लुकॅगॉन, म्हणजे नेमके उलट्या कामाचे संप्रेरक बनवू लागल्या. पेशी एकदा बीटा झाली की कायमची झाली, हा समज इथे डळमळला. तिला रोज बीटा राहावे लागते.

बेटांतल्या सर्व प्रकारच्या पेशी कोणाच्या हुकमाने होतात, हे 2000 साली जेरार ग्राद्वोल आणि फ्रान्स्वा गिलेमो यांनी दाखवले. न्यूरोजेनिन-3 हे जनुक काढलेल्या उंदरांत स्वादुपिंड होते, पाचकरस होता, पण एकही संप्रेरक बनवणारी पेशी नव्हती. हे काम स्ट्रासबुर्गजवळ झाले. 1889 मध्ये त्याच शहरात मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून मधुमेहाचे घर पहिल्यांदा दाखवून दिले होते. न्यूरोजेनिन, न्यूरो-डी, पॅक्स-6, आयएसएल-1: बीटा पेशी घडवणाऱ्या जनुकांची ही यादी चेतापेशी घडवणाऱ्यांच्या यादीशी मोठ्या प्रमाणात जुळते. पिअर्स यांना जे साम्य दिसले ते खरे होते. बीटा पेशी मज्जासंस्थेतून आलेली नाही, पण तिला घडवणारी प्रथिने बरीचशी तीच आहेत. चुकीच्या निष्कर्षातल्या अचूक निरीक्षणाला असा न्याय क्वचित मिळतो.

मेल्टन यांचे नाव वर आले. त्यांच्या मुलाला 1991 मध्ये, सहा महिन्यांचा असताना, टाइप-1 मधुमेह झाला, पुढे मुलीलाही. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच बीटा पेशी मारते. बेडकाच्या गर्भावर काम करणाऱ्या या माणसाने आपली प्रयोगशाळा बीटा पेशींकडे वळवली. 2008 मध्ये त्यांच्याकडच्या चियाओ झोऊ यांनी 1100 हून जास्त नियामक जनुकांतून नऊ निवडली आणि त्यांतून तीन: पीडीएक्स-1, न्यूरोजेनिन-3 आणि मॅफ-ए. ही तीन विषाणूंमार्फत प्रौढ उंदराच्या पाचकरस बनवणाऱ्या पेशींत सोडली, तेव्हा त्यांतल्या काही पेशी इन्शुलिन बनवू लागल्या. पंचवीस वर्षांपूर्वी क्ष-किरणांच्या फिल्मवर ज्या दोन प्रकारच्या पेशींतला फरक दिसला होता, तो आता हाताने ओलांडता येत होता.

दुसरी वाट मूळपेशींची. सॅन डिएगोच्या नोव्होसेल कंपनीतल्या संशोधकांनी 2006 मध्ये मानवी गर्भमूळपेशींना गर्भातल्याच क्रमाने एकेक संकेत देत इन्शुलिनपर्यंत आणले. त्या पेशी साखरेला नीट प्रतिसाद मात्र देत नव्हत्या. 2014 मध्ये मेल्टन यांच्या आणि दुसऱ्या एका गटाने तो टप्पा बराचसा गाठला. अशा बशीत वाढवलेल्या पेशींचा आणखी एक उपयोग झाला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. स्वादुपिंडाविना जन्मलेल्या काही बाळांची सगळी ज्ञात जनुके शाबूत होती. मानवी गर्भाचे स्वादुपिंड तपासायला मिळणे अवघड, म्हणून एक्सेटरच्या आणि बार्सेलोनाच्या जॉर्ज फेरर यांच्या गटांनी मूळपेशींपासून बनवलेल्या स्वादुपिंडाच्या आद्य पेशींत कुठला डीएनए जागा असतो ते पाहिले. पीटीएफ-1-ए या जनुकापासून 25 हजार अक्षरे लांब, सुमारे 400 अक्षरांचा एक तुकडा तिथे जागा होता. त्यावर पीडीएक्स-1 बसत होते. दहा कुटुंबांतल्या बाळांत बिघाड याच तुकड्यात निघाला.

पुण्याचा धागाही याच कापडातला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याकडची बाळे वजनाने हलकी पण चरबीने भरलेली का असतात आणि पुढे त्यांना मधुमेह का गाठतो, यावर आयुष्य वेचले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून पुढे ऑस्ट्रेलियात गेलेले आनंदवर्धन हर्डीकर यांनी याज्ञिक आणि इतरांसोबत 2015 मध्ये एक अभ्यास छापला. रॅट जातीच्या उंदरांना 50 पिढ्या कमी अन्नावर वाढवले होते. त्यांच्यात मधुमेहाची प्रवृत्ती आठपट आढळली. मग दोन पिढ्या पोटभर खायला दिले, तरी ती गेली नाही. आणि इन्शुलिनच्या जनुकाआधीच्या पट्ट्यावर उमटलेल्या रासायनिक खुणाही पुसल्या गेल्या नाहीत. अशा खुणा डीएनएचे अक्षर बदलत नाहीत, पण तो वाचला जाण्याची रीत बदलतात. उपासमारीच्या अनेक पिढ्यांनंतर एकदम सुबत्ता पाहणाऱ्या आपल्या समाजाने हा निबंध वाचायला हवा.

मूळपेशींपासून बनवलेली बेटे आज माणसांत पोचली आहेत. 2025 मध्ये व्हर्टेक्स कंपनीच्या चाचणीचे निकाल आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 टाइप-1 रुग्णांपैकी 10 जणांना वर्षभरानंतर बाहेरून इन्शुलिन घ्यावे लागत नव्हते. त्यांना रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मात्र सतत घ्यावी लागतात, आणि ती औषधे जोखमीची आहेत. त्याआधी, 2024 च्या अखेरीस, स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या रुग्णालयात एका रुग्णाच्या हाताच्या कोपराखालच्या स्नायूत दात्याच्या बेटांतल्या पेशी घातल्या गेल्या. त्यांतली काही जनुके आधी अशी बदलली होती की रोगप्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटू नयेत. दाबणारी औषधे दिलीच नाहीत. पेशी थोड्याच होत्या, त्यामुळे त्याचे इन्शुलिन बंद झाले नाही. पण 12 आठवड्यांनी पाहिले तेव्हा त्या जिवंत होत्या, आणि जेवणानंतर इन्शुलिन सोडत होत्या.